रल्लीची किंमत कोण ठरवणार?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : सिंधमधून आलेल्या स्त्रियांच्या हस्तकलेला इंदूरच्या मराठी मंडळांनी बाजार मिळवून द्यावा.

पाकिस्तानातल्या सिंधमधून इंदूरला येऊन राहिलेल्या बायकांना शिवणयंत्रे वाटल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. वाटणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तसे मिळालेले एक यंत्र मी गेल्या पावसाळ्यात जयरामपूर कॉलनीजवळच्या एका खोलीत पाहिले. त्याच्यावर चादर होती आणि चादरीवर पिठाचा डबा. त्याच खोलीत खिडकीखाली बसून घरची सून हाताने रल्ली, म्हणजे सिंधी गोधडी, शिवत होती.

मी २८ वर्षे शाळेत शिवणकाम शिकवले. धावदोरा, हातटीप, साखळी टाका झाला की वरच्या वर्गातल्या मुलींना सिंधी टाका शिकवायचा, असा क्रम. त्याला सिंधी का म्हणतात, हे इतक्या वर्षांत मी स्वतःला विचारले नाही आणि कुणा मुलीनेही मला विचारले नाही. त्या दिवशी बोलता बोलता विषय निघाला, तशी त्या सुनेने माझ्या पिशवीतला रुमाल मागून घेतला. आधी लांब तिरप्या धाग्यांचा सांगाडा घातला. मग सुईचे टोक कापडाला लागू न देता त्याच धाग्यांच्या वरून-खालून दोरा फिरवत अख्खे फूल भरले. त्यांच्याकडे याला हुरमुची म्हणतात. मी हा टाका पुस्तकातल्या आकृतीवरून शिकले आणि तसाच शिकवला. तिचा हात चालला होता आणि ती माझ्याशी लेकराच्या तापाबद्दल बोलत होती. मी मनोमन तिला नमस्कार केला.

रल्ली म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीण. जुनी लुगडी, ओढण्या, सदरे यांचे तुकडे जोडायचे किंवा कापडाची घडी घालून नक्षी कातरायची, ती दुसऱ्या रंगावर बसवायची आणि सगळे थर एकत्र धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी घालत जायचे. आपल्या आजीची गोधडी ज्यांनी पांघरली आहे त्यांना हे वेगळे समजवायला नको. फरक एवढाच, की आपण गोधडी घरातच ठेवली आणि या बायकांनी ती सरहद्द ओलांडून आणली.

आता मुद्द्याचे. तिने बाळाच्या मापाची एक रल्ली एका व्यापाऱ्याला ९०० रुपयांना दिली होती. मी कॅलेंडरचे मागचे पान काढले आणि तिच्याबरोबर हिशेब मांडला. अस्तर, वरचे नवे कापड आणि दोऱ्याची रिळे मिळून ६४० रुपये. रोज ४ तास असे ११ दिवस, म्हणजे ४४ तास. तासाला ५० रुपये धरले तरी मजुरीच २२०० होते, म्हणजे रल्ली २८४० रुपयांची. तिच्या हातात मजुरी म्हणून उरले होते २६० रुपये, तासाला ६ रुपयेसुद्धा नाहीत. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “दीदी, हाथ का भी पैसा जोड़ते हैं?”

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपण या बायकांना पिको-फॉल शिकवायला निघतो. ज्यांच्या बोटांत पिढ्यांची कला आहे त्यांना नवे शिवणकाम शिकवायची काय गरज? त्यांना हवा आहे हाताच्या कामाचा हिशेब, स्वतःच्या नावाचे बिलबुक आणि त्यांचा माल ओळखणारे गिऱ्हाईक. एवढे मिळाले की ती मजूर राहत नाही, उद्योजक होते.

हे होऊ शकते, याचा दाखला शेजारच्या गुजरातमध्ये आहे. १९७१च्या युद्धात सिंधमधल्या थरपारकरमधून कितीतरी कुटुंबे कच्छात आली. त्यांच्या बायकांनी सूफ नावाचे भरतकाम बरोबर आणले. त्यात कापडावर काही आखत नाहीत. उलट्या बाजूने धागे मोजत त्रिकोण भरायचे, सगळी नक्षी डोक्यात. भुजजवळच्या सुमरासरला १९९३ साली कला रक्षा ही संस्था उभी राहिली ती या बायकांच्या साथीने. पुढे २००५ मध्ये त्याच संस्थेने कारागिरांसाठी डिझाइनची शाळा काढली. त्याही आधी, १९६९च्या दुष्काळात, चंदाबेन श्रॉफ कच्छातल्याच धाणेटी गावात गेल्या, तेव्हा त्या नुसती मदत वाटून थांबल्या नाहीत. बायकांना साड्या भरतकामाला दिल्या. त्यातून सृजन ही संस्था उभी राहिली. आणि आपल्याला कच्छपर्यंत तरी कशाला जायला हवे? अहिल्याबाईंनी बाहेरगावचे विणकर बोलावून महेश्वरला वसवले, माग चालू केले. आज इंदूरच्या प्रत्येक मराठी लग्नात जी महेश्वरी मिरवते, ती बाहेरून आलेल्या हातांचीच देणगी आहे. इंदूरच्या मराठी माणसाला ही गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी, कारण आपले पूर्वजही नर्मदा ओलांडूनच इकडे आले.

कागदपत्रांचा प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगते. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले, पण तो कायदा ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच लागू आहे. त्यानंतर आलेली पुष्कळ कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. या व्हिसावर राहणाऱ्या हिंदू-सिंधी कुटुंबांना बँकेत खाते उघडण्याची आणि स्वतःचा व्यवसाय करण्याची मोकळीक केंद्राने २०१६ मध्येच दिली आहे. तरीही त्या सुनेबरोबर मी एका बँकेत गेले, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने व्हिसाचा कागद उलटसुलट करून परत दिला. खाते तिसऱ्या खेपेला उघडले. तोवर तिच्या मालाचे पैसे दिराच्या क्यूआर कोडवर जात आणि दीर देईल तेवढे तिचे. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा या केंद्राच्या योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे, भरतकाम नाही. हा बदल व्हावा असे मला मनापासून वाटते, पण त्याची वाट पाहत बसायला नको.

कारण बाजार आपल्या हातात आहे. गणपतीत आणि दिवाळीआधी इंदुरात मराठी महिला मंडळांची किती प्रदर्शने लागतात! मागच्या दिवाळीत आमच्या भागातल्या एका प्रदर्शनात मी तिच्यासाठी टेबल मागितले. भाडे आगाऊ भरायला सांगितले, ते आम्ही मैत्रिणींनी भरले. टेबलावर पाटी लागली, ‘कच्छी वर्क’. तिने संयोजक ताईंना हलक्या आवाजात सांगितले, हे कच्छी नाही, आमच्या सिंधचे आहे. ताईंनी लगेच पाटी बदलली, त्याबद्दल त्यांचे आभार. त्या तीन दिवसांत तिच्या बाळाच्या मापाच्या सगळ्या रल्ल्या गेल्या, आणि घेणाऱ्या बहुतेक आज्या होत्या. बारशाला दुपटे द्यायचेच असते ना! एका आजींनी तर तिला स्वतःची जुनी इरकल आणून दिली आणि सांगितले, नातीसाठी यातूनच कर. ती इरकल कातरताना तिचा हात थरथरत होता. किती लोकांच्या आठवणी या कापडात आहेत, असे मला म्हणाली.

माझी मंडळांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक प्रदर्शनात दोन टेबले या भगिनींसाठी ठेवा. भाडे आगाऊ न घेता विक्री झाल्यावर घ्या. पाटीवर कलेचे खरे नाव आणि करणारीचे नाव लिहा. आणि कृपा करून घासाघीस करू नका. मॉलमध्ये आपण छापील किमतीपुढे मान तुकवतो आणि हातच्या कामासमोर उभे राहून “एवढे काय आहे त्यात” म्हणतो. मीही म्हणत असे. ते कॅलेंडरचे पान पाहिल्यापासून म्हणवत नाही.

सध्या माझ्या घरी दर बुधवारी दुपारी सात जणी येतात. मी हिशेबाची वही घालून देते. त्या मला हुरमुची नीट शिकवतात, आणि माझे टाके अजून उसवायला लावतात. खात्याची, बिलाची, ऑनलाइन पैसे घेण्याची माहिती देऊ शकतील असे दोन-तीन निवृत्त बँक कर्मचारी आम्हाला हवे आहेत. शिवाय एखादी तरुण मुलगी, जी मालाचे चांगले फोटो काढून देईल. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. येणाऱ्यांनी चारच्या आधी यावे, कारण पाचला या बायकांना मुलांना शाळेतून आणायला जायचे असते.

आपली,
एक वाचक
सुदामा नगर, इंदूर