‘भन्नाट आहे, वाचच’ एवढ्यानं भागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वाचकांच्या पसंतीच्या कादंबऱ्यांच्या याद्या छापून येऊ लागतात. त्यांत रहस्यकथा, थरारकथा, हेरकथा, अद्भुतिका यांचा भरणा असतो, आणि तो असावाच. तक्रार निराळी आहे. ‘खिळवून ठेवते’, ‘हातातून सोडवत नाही’, ‘एका बैठकीत संपवली’ या शेऱ्यांवरून सांगणाऱ्याची अवस्था कळते, पुस्तक कसं आहे ते कळत नाही. विरंगुळ्याचं पुस्तक सुचवणं हे गंभीर साहित्य सुचवण्यापेक्षा नाजूक काम आहे. गंभीर कादंबरी आवडली नाही तर वाचक आपलीच समज कमी पडली असं मानून ती रेटत नेतो. थरारकथा आवडली नाही तर तो चाळिसाव्या पानावर ती मिटतो आणि सुचवणाऱ्याचं पुढचं नाव ऐकूनही घेत नाही.

निम्मी जबाबदारी मागणाऱ्याची असते. ‘एखादं चांगलं थ्रिलर सांगा ना’ या प्रश्नाला नेमकं उत्तर देताच येत नाही. मागताना तीन नावं सांगावीत: आवडलेली दोन आणि अर्धवट सोडलेलं एक, तेही कुठे आणि का सोडलं यासह. या तिघांत सोडलेलं पुस्तक सर्वांत जास्त माहिती देतं. आवडण्याची कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, पण सोडण्याचं कारण बहुधा एकच आणि स्वच्छ असतं. पहिला खून व्हायलाच शंभर पानं गेली, लहान मुलाचा छळ वाचवेना, पात्रांच्या नावांचा गोंधळ झाला. ‘आवडलं नाही’ एवढंच सांगितलं तर मात्र काही हाती लागत नाही.

वाचन कुठे आणि कसं होणार, हेही सांगावं. प्रवासात दहा-दहा मिनिटं मिळणार असतील तर छोट्या प्रकरणांचं पुस्तक हवं. डॅन ब्राउनच्या ‘द दा विंची कोड’मध्ये (२००३) शंभरावर प्रकरणं आहेत, त्यांतली कित्येक दोन-तीन पानांची. कुठेही थांबा, कुठेही सुरू करा. जॉन ल कॅरेची हेरकथा अशी तुकड्यांत वाचली तर कोण कोणाशी खोटं बोलतोय याचाच विसर पडतो, आणि मग पुस्तक कंटाळवाणं असल्याचा शिक्का बसतो. रुग्णाच्या उशाशी बसून वाचायचं पुस्तक, परीक्षेनंतर डोकं रिकामं करायचं पुस्तक आणि सलग दोन दिवस मोकळे असताना वाचायचं पुस्तक ही तीन निराळी पुस्तकं आहेत.

अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरायची चार दारं सांगितली आहेत: कथानक, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. चारही दारं प्रत्येक पुस्तकाला असतात, पण सगळी सारख्या मापाची नसतात. सुचवणाऱ्यानं यांतलं कोणतं दार सताड उघडं आहे तेवढं सांगितलं तरी निम्म्या चुका टळतील. इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड (पहिली कादंबरी १९५३) आणि ल कॅरेची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) या दोन्ही शीतयुद्धातल्या ब्रिटिश हेरकथा. पण जुगाराचे अड्डे, गाड्या, पाठलाग यांत चार तास हरवून जायचं असलेल्या माणसाच्या हाती दुसरी कादंबरी दिली तर तो थकलेल्या, फसवल्या गेलेल्या माणसांच्या करड्या जगात येऊन पडतो. कादंबरी थोर आहे. त्या संध्याकाळी त्याला ती नको होती.

रहस्यकथेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी: कथेतला प्रश्न कोणता? खून कोणी केला, हा एक. आतून कडी लावलेल्या खोलीत तो झालाच कसा, हा दुसरा. जॉन डिक्सन कारच्या ‘द हॉलो मॅन’मध्ये (१९३५) तर एक अख्खं प्रकरण बंद खोलीत खून करण्याच्या युक्त्यांच्या वर्गवारीला दिलेलं आहे. ज्याला असली कोडी आवडतात तो ते प्रकरण दोनदा वाचेल, ज्याला माणसांत रस आहे तो पुस्तक मिटून ठेवेल. तिसऱ्या जातीत खुनी पहिल्या पानांतच समोर येतो आणि तो पकडला कसा जाणार हे पाहायचं असतं. ही रीत ऑस्टिन फ्रीमननं १९१२ साली पुस्तकरूपात आणली. हे आधी सांगितलं नाही तर ‘खुनी लगेच कळला, मजा नाही’ असा अभिप्राय ठरलेला.

आता रहस्यभेदाविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, आणि ते करणाऱ्याला आपण काही केलंय याचा पत्ताही नसतो. खुन्याचं नाव कोणी सांगत नाही. पण ‘शेवटी असा धक्का आहे की विचारू नका’ हे बिनदिक्कत सांगितलं जातं. सराईत वाचकाला एवढं पुरतं. तो पहिल्या पानापासून सरळ दिसणारा संशयित बाजूला ठेवतो, निवेदकावर नजर ठेवतो, मेलेला माणूस खरंच मेलाय का ते तपासतो. ‘शेवट ओळखूनच दाखव’ हे त्याहून वाईट, कारण विरंगुळ्यासाठी घेतलेल्या पुस्तकाची परीक्षा होते. ‘मधल्या एका प्रकरणानंतर सगळं उलटतं’ म्हटलं की वाचक त्या प्रकरणापर्यंतचं सगळं खोटं धरून चालतो. मराठीत आणखी एक खाच आहे. इंग्रजीत खुन्याबद्दल बोलताना बाई की पुरुष हे झाकता येतं, आपल्याकडे क्रियापद चुगली करतं. ‘शेवटी सापडते तेव्हा’ एवढ्या तीन शब्दांत अर्धे संशयित बाद. ‘गुन्हेगार व्यक्ती’ हा शब्दप्रयोग कितीही सरकारी वाटला तरी इथे तोच बरा.

किती सांगावं, याचं साधं माप म्हणजे पुस्तकाचा पहिला दहावा भाग. तीनशे पानांच्या कादंबरीतलं पहिल्या तीस पानांत जे घडतं तेवढं मोकळेपणानं सांगायला हरकत नाही. त्यापुढचं लेखकाचं. मलपृष्ठावरचा मजकूर या मापात बसेलच असं नाही. तो कित्येकदा अर्ध्या कथेपर्यंत जाऊन पोचतो, म्हणून त्याची नक्कल करून शिफारस लिहू नये. जुन्या गाजलेल्या कादंबऱ्यांना जोडलेल्या अभ्यासपूर्ण प्रस्तावनांत शेवट सर्रास उघड केलेला असतो, तेव्हा ‘प्रस्तावना शेवटी वाचा’ एवढा इशारा द्यावाच. चित्रपटानंतर निघालेली आवृत्ती असेल तर मुखपृष्ठावर कोणकोणते नट आहेत तेही पाहावं. बारीकसारीक वाटणाऱ्या भूमिकेत नामवंत नट दिसला की चाणाक्ष वाचक काय ते समजतो.

यावर काही जण २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत झालेल्या प्रयोगाचा दाखला देतात. शेवट आधी सांगून वाचायला दिलेल्या कथा वाचकांना किंचित जास्तच आवडल्या, असं त्यात आढळलं होतं. प्रयोग खरा आहे. पण तो लघुकथांवर होता, काही मिनिटांत संपणाऱ्या. चारशे पानं ज्या एका प्रश्नावर तोललेली आहेत, त्या कादंबरीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय शेवट आधी जाणून घ्यायचा की नाही, हा निर्णय वाचणाऱ्याचा असतो. तो दुसऱ्यानं परस्पर घेऊ नये.

मालिकांच्या क्रमाबद्दल शिफारशीत बहुतेक वेळा अवाक्षर नसतं. सगळ्या मालिका सारख्या नसतात. वुडहाउसच्या ब्लँडिंग्ज कॅसल या विनोदी मालिकेत कोणत्याही दारानं शिरा, काही बिघडत नाही. स्टीग लार्सनच्या स्वीडिश त्रयीत (२००५ ते २००७) दुसरा भाग ऐन मोक्यावर थांबतो आणि तिसरा तिथूनच सुरू होतो. म्हणून दुसरा हाती देताना तिसरा घरात असल्याची खात्री करून घ्यावी. शेरलॉक होम्सची सुरुवात १८८७च्या पहिल्या कादंबरीपासून करायला सांगणं कालक्रमानं बरोबर, पण तिचा मोठा भाग एकाएकी अमेरिकेत जातो आणि होम्स तिथे दिसतच नाही. नव्या वाचकाला १८९२च्या बारा कथांचा संग्रह आधी द्यावा, कादंबरी मागाहून.

अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराच्या कादंबऱ्या ‘कुठूनही वाचा’ असं सांगितलं जातं, आणि ते जवळजवळ खरं आहे. जवळजवळ एवढ्यासाठी की १९३७च्या ‘डम्ब विटनेस’मध्ये पॉयरो बोलण्याच्या ओघात आपल्या मागच्या चार कादंबऱ्यांतल्या खुन्यांची नावंच घेतो. त्या चारांत १९२६ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ही आहे. तेव्हा ही चार वाचून झाल्याशिवाय ‘डम्ब विटनेस’ कोणाला सुचवू नये. ‘कर्टन’ (१९७५) ही पॉयरोची अखेरची कथा, ती अखेरीलाच.

ख्रिस्तीचं नाव सुचवताना पुस्तकाचं दुसरं नावही सांगावं. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) अमेरिकेत ‘मर्डर इन द कॅले कोच’ या नावानं निघाली होती. आज ‘अँड देन देअर वेअर नन’ म्हणून ओळखली जाणारी १९३९ची कादंबरी ब्रिटनमध्ये वेगळ्या, आज छापता न येण्यासारख्या नावानं आली, आणि पुढे काही आवृत्त्यांवर ‘टेन लिटल इंडियन्स’ हेही नाव होतं. म्हणजे एकच कादंबरी तीन नावांनी. न वाचलेली समजून तीच पुन्हा विकत घेणारे वाचक काही कमी नाहीत.

अनुवाद सुचवताना तो संपूर्ण आहे, संक्षिप्त आहे की रूपांतर, हे सांगणं रहस्यकथेत फार महत्त्वाचं. संक्षेप करणारा अनावश्यक वाटणारी वाक्यं गाळतो, आणि रहस्यकथेत धागा लपवलेला असतो तो नेमका अनावश्यक वाटणाऱ्या वाक्यात. घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं, कुत्रा भुंकला नाही, फुलदाणी जागेवर नव्हती. हे वाक्य गेलं की शेवटचा उलगडा जादूटोण्यासारखा वाटतो आणि दोष मूळ लेखकाच्या माथी येतो. रूपांतरात नावंगावं बदलतात, त्यांना हरकत नसावी. पण वारसाहक्काच्या कायद्यावर किंवा रेल्वेच्या वेळापत्रकावर उभी असलेली कथा दुसऱ्या देशात हलवली की तिचे सांधे निखळतात.

मराठीतलं सुचवतानाही लेखकाचं नुसतं नाव पुरत नाही. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं हजाराहून अधिक आहेत. ‘अर्नाळकर वाचा’ म्हणण्यापेक्षा त्यांच्या नायकांपैकी ‘झुंजार’पासून सुरू करायचं की ‘काळा पहाड’पासून ते सांगावं. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ ही थरारकथा नव्हे. ती आवडली म्हणून कोणी ‘अजून सुशि (म्हणजे शिरवळकर) द्या’ म्हटलं तर त्याच्या हाती सरळ त्यांच्या थरारकथांचा नायक दारा बुलंद ठेवू नये, आणि त्यांच्याच बॅरिस्टर अमर विश्वास या नायकाचा चाहता फिरोज इराणी या दुसऱ्या नायकाचाही चाहता असेल असं धरून चालू नये. नारायण धारपांच्या भयकथांत समर्थ (दुष्ट शक्तींशी झुंजणारं त्यांचं पात्र) असलेल्या आणि समर्थ नसलेल्या असा भेद जरूर करावा. समर्थ आहेत म्हटल्यावर वाचक घाबरतो, पण निर्धास्तपणे. समर्थ नसतील तर शेवटी कोण जिवंत राहील याची हमी नाही. विरंगुळा शोधणाऱ्याला बहुधा ही हमीच हवी असते. मालिकेतला नायक पुढच्या पुस्तकात असणार हे माहीत असल्यामुळेच त्याची संकटं मजेनं वाचता येतात.

न सोसणाऱ्या गोष्टींचा इशारा द्यायला संकोच करू नये. मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा, प्राण्यांचे हाल, वर्णनांतला रक्तपात: एका ओळीत सांगता येतं आणि त्यानं रहस्य फुटत नाही. जुन्या साहसकथांतला वंशद्वेषही यातच येतो. नाव मात्र एका वेळी एकच द्यावं, फार तर एक राखीव. दहा नावांची यादी मिळाली की त्यांतलं एकही वाचलं जात नाही.

सोडून देण्याच्या बाबतीत नॅन्सी पर्ल यांचाच हिशेब सोयीचा आहे. पन्नाशीपर्यंतच्या वाचकानं पन्नास पानं वाचून पाहावीत. पन्नाशीपुढच्यानं शंभरातून आपलं वय वजा करावं, येईल तेवढी पानं. ऐंशीच्या आजोबांनी वीस पानांवर पुस्तक मिटलं तर त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. संथ सुरुवातीची कादंबरी सुचवणाऱ्यानं मात्र ती कुठे वेग घेते ते आधीच सांगून ठेवावं.

आपल्या वाचकांच्या पानासाठी एवढीच विनंती की विशेषणांची जागा या तपशिलांना द्यावी. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, मालिका असेल तर भागाचा क्रमांक अवश्य छापावा. नमुन्यादाखल एक शिफारस लिहून पाठवत आहे.

‘द डे ऑफ द जॅकल’, फ्रेडरिक फोर्सिथ, १९७१. स्वतंत्र कादंबरी, मागचंपुढचं काही वाचायला नको. १९६३चा फ्रान्स, राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी एका परक्या माणसाला दिली जाते. द गॉल १९७० साली घरी नैसर्गिक मृत्यूनं गेले, त्यामुळे कट फसणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं. उत्सुकता ‘कसा’ याची. दार कथानकाचं. खोटा पासपोर्ट, खास घडवून घेतलेली बंदूक यांचे तपशील बारकाईनं येतात, ज्यांना अशी कारागिरी आवडते त्यांना मेजवानी, बाकीच्यांना पहिला भाग लांबलेला वाटेल. पाठलाग दुसऱ्या भागात सुरू होतो, तिथपर्यंत धीर धरावा. पात्रांच्या मनात डोकावायची आवड असणाऱ्यांसाठी नाही. हिंसा आहे, रेंगाळणारी नाही. सलग दोन दिवस हाताशी असावेत.

आपला,
एक रहस्यकथाप्रेमी वाचक