पर्स चोरीला गेल्यावर बँकेला कळवायचे कसे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रवासात पैसे कसे जपावेत याविषयी कालच्या अंकात आलेला पाऊण पानाचा मजकूर वाचला. स्टेशनवरचे फुकटचे वायफाय वापरू नका, अनोळखी क्यूआर कोड स्कॅन करू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. सगळे बरोबर आहे आणि सगळे आम्हाला पाठ आहे. पण एवढी काळजी घेऊनही चोरी झालीच, तर परमुलखात असलेल्या माणसाने पुढच्या दहा मिनिटांत काय करायचे? त्यासाठी तुमच्याकडे एकच ओळ होती : ‘तत्काळ बँकेशी संपर्क साधा.’ हा संपर्क कसा साधला जातो ते आमच्या घराने भोगले आहे, म्हणून हे पत्र.

माझी मोठी बहीण भजनी मंडळाबरोबर काशीला गेली होती. परतीच्या गाडीत, रात्री इटारसी सोडल्यावर, तिच्या उशाखालची पर्स गेली. पर्समध्ये फोन, डेबिट कार्ड आणि आधार. तिने कुणाला ओटीपी सांगितला नव्हता, कुठली लिंक उघडली नव्हती, फोनलाही लॉक होते. चोराला ते उघडायची गरजच पडली नाही. त्याने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले. यूपीआयचा नवा पिन करायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि त्या नंबरवर येणारा ओटीपी लागतो. आधारावरूनही तो करता येतो. हे सगळे त्याच्या हातात आयतेच पडले होते. सिमलाही वेगळा पिन लावता येतो आणि सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की तो विचारला जातो, ही गोष्ट तुमच्या त्या मजकुरात कुठेच नव्हती. ती पहिल्या क्रमांकावर हवी होती.

पहाटे जाग आल्यावर ताईने मंडळातल्या एकीच्या फोनवरून बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. नोंदणीकृत मोबाइलवरून फोन करा, असे सांगण्यात आले. तो मोबाइल चोराकडे होता. बऱ्याच वेळाने कुणीतरी लाइनवर आले, त्यांनी कार्डाचा नंबर मागितला. कार्डही चोराकडे. मग खाते क्रमांक मागितला. पासबुक नाशिकला, तिच्या कपाटात. तेवढ्यात रेंज गेली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिने मला फोन केला. मी धावत तिच्या घरी गेलो, शेजाऱ्यांकडची किल्ली घेतली, पासबुक काढले आणि बँकेला फोन लावला. खातेदार स्वतः बोलल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही, हे उत्तर. शाखेत जावे, तर चौथा शनिवार, कुलूप. एका रेल्वे पोलिसाने भुसावळच्या पुढे ताईला १९३० हा क्रमांक सांगितला, तेव्हा कुठे तक्रार नोंदली गेली. हा नंबर कुठल्याही फोनवरून लावता येतो. तक्रार आली की पैसे ज्या ज्या खात्यांत गेले त्या बँकांना कळवून ते अडवायचा प्रयत्न होतो. पण तोपर्यंत तिच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग गेला होता.

सोमवारी मी ताईला घेऊन शाखेत गेलो. साहेबांचा पहिला प्रश्न, ‘पिन कुणाला सांगितला होता, मावशी?’

‘कुणालाच नाही हो साहेब.’

‘मग पैसे गेले कसे?’

जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला भरल्या शाखेत, रांगेतल्या लोकांसमोर, असे विचारले गेले. ती काही बोलली नाही. पण घरी येऊन जेवली नाही. पैशापेक्षा मला त्याचाच राग जास्त आहे आणि तो अजून गेलेला नाही.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मी त्यानंतर वाचून काढले. त्यात स्पष्ट लिहिले आहे की, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. कार्ड हरवल्याची किंवा परस्पर पैसे गेल्याची तक्रार घ्यायला बँकेने चोवीस तास, वेगवेगळ्या मार्गांनी सोय ठेवायची आणि लगेच तक्रार क्रमांक द्यायचा. दोष ग्राहकाचाही नाही नि बँकेचाही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकावर बोजा नाही. वादातली रक्कम दहा कामकाजी दिवसांत तात्पुरती खात्यात जमा करायची, नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे : निष्काळजीपणा ग्राहकाचा असला तरी, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात ते बँकेने सोसायचे.

म्हणजे सगळे त्या ‘कळवल्या’च्या वेळेवर येऊन ठरते. ताईने पहाटे फोन केला होता. पण तक्रार क्रमांक दिलाच नाही, म्हणून बँकेच्या लेखी तिने कळवले ते सोमवारी. घरी बसलेल्या माणसाकडे पासबुक असते, शाखा दोन चौकांवर असते. प्रवासातल्या माणसाकडे यातले काही नसते, आणि चोरी नेमकी प्रवासातच होते. बँकेला लेखी अर्ज दिला आहे. तोंडी उत्तर एवढेच मिळते की तपास चालू आहे. अर्जाला तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आम्ही जाणार आहोत.

३१ ऑक्टोबर २०२६ ला आपल्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. गावोगावचे लोक रामकुंडावर आणि त्र्यंबकला येतील, त्यातल्या कित्येकांची पर्स नि फोन गर्दीत जातील. घाट, रस्ते, वाहनतळ यांच्या बातम्या आपण रोज छापता. नाशिकरोड स्टेशन, सीबीएस बसस्थानक, रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर इथे रात्रंदिवस चालणारा एक कक्ष असावा, तिथे साधा टेलिफोन असावा, फोन गमावलेल्या माणसाचे सिम आणि कार्ड तिथून बंद करता यावे आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून मिळावा. बँकांना एकत्र बसवून हे करणे जिल्हा प्रशासनाला अवघड नाही. आपल्या वार्ताहरांनी पालिकेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात याची विचारणा करावी.

आणखी एक. कालच्या त्याच पानावर खाली केदारनाथच्या हेलिकॉप्टर यात्रेची जाहिरात होती. त्यात एक मोबाइल नंबर आणि एक क्यूआर कोड. कंपनीचा पत्ता नाही, नोंदणीचा उल्लेख नाही. फाटा, सिरसी, गुप्तकाशीहून उडणाऱ्या या हेलिकॉप्टरची तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतात, आणि केदारनाथ हेलिकॉप्टरच्या नावाने चाललेल्या बनावट बुकिंगबद्दल केंद्राच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्येच इशारा दिला होता. ताईच्या मंडळातल्या दोघींनी काल त्या जाहिरातीचे कात्रण कापून ठेवले, आपल्या पेपरात आली म्हणून. ती छापण्यापूर्वी आपल्या कार्यालयात कुणी तपासली होती का, याचे उत्तर याच सदरात द्यावे.

आपला,
एक जुना वाचक,
जेलरोड, नाशिकरोड