तुझ्या डब्यातली अंबाडी

वर्धा

चि. मुक्ता हिला अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर 'आई बघ, हिबिस्कस टी, भरपूर अँटिऑक्सिडंट!' म्हणत तू तो डबा दाखवलास. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. हिबिस्कस सबदरिफा. अगं, ही तर आपली लाल अंबाडी! पानात अंबाडीची भाजी पडली की नाक मुरडणारी तू, आता तीच अंबाडी 25 पुड्यांना साडेचारशे मोजून घेतेस. हसू आलं, पण बरंही वाटलं.

तुझ्या आजोबांच्या शेतात कपाशीच्या धुऱ्यावर तिच्या दोन ओळी असायच्या. अंबाडी कपाशीच्या आणि भेंडीच्या कुळातलीच. तिचं खरं फूल फिकट पिवळं असतं आणि दिवसभरात कोमेजून जातं. बाजारात 'अंबाडीची फुलं' म्हणून मिळतो तो खरं तर निदलपुंज (कळीभोवतीचं बाहेरचं आवरण), पाकळ्या गळाल्यावर फुगून लालभडक होणारा. त्याच्या आतलं हिरवं बोंड काढायचं काम आम्हा पोरींकडे. त्यावरची बारीक कुसं बोटांत शिरायची आणि रात्री वरण-भात कालवताना चुणचुणायची.

तो लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, जांभळात असतो त्याच जातीचा. सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी दाखवायचे. अंबाडीचं पाणी दोन पेल्यांत घ्यायचं, एकात लिंबू पिळायचं, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. पहिला लाल राहतो, दुसरा हिरवट-निळा होतो. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उभी राहायची.

हाच रंग तुझा अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या कणांना आवरणारा पदार्थ. परीक्षानळीत तो चांगलं काम करतो, पण पोटात गेलेल्यातला थोडाच अंश रक्तापर्यंत पोचतो. त्यामुळे डब्यावर 'शरीर शुद्ध करतो' वगैरे लिहिलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस, ते काम मूत्रपिंडं आणि यकृत फुकटात करतात. पोषणाचं म्हणशील, तर कपभर बिनसाखरेच्या काढ्यात उष्मांक जवळजवळ नाहीत आणि 'क' जीवनसत्त्वही उकळताना बरंचसं जातं. पोषण हवं तर ताटातली अंबाडीची भाजी खा. (बोलून घेतलं एकदाचं.)

रक्तदाबाचं मात्र खरं आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात रक्तदाब थोडासा वाढलेल्या 65 जणांवर प्रयोग झाला, 2010 साली छापून आला. काहींना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला, बाकीच्यांना तशाच चवी-रंगाचं नुसतं पाणी. चहावाल्यांचा वरचा आकडा सरासरी 7.2 ने उतरला, पाणीवाल्यांचा 1.3 ने. तुझ्या बाबांना हे वाचून दाखवलं आणि पस्तावले. दुसऱ्या दिवशी गोळीची पट्टी कपाटात आणि हे गृहस्थ 'आता अंबाडीच' म्हणून बसलेले! गोळी माझ्यासमोर गिळायला लावली. सवयीने त्यांनी त्या काढ्यात दूधही ओतलं होतं. आंबट पाण्यात दूध, दुसरं काय होणार? कपात लाल पाणी आणि वर गुलाबी चोथा. 'पनीर झालं' म्हणाले आणि चमच्याने खाल्लं.

आता मुद्द्याचं. तुझं हिमोग्लोबिन 9.8 आलंय आणि लोहाची गोळी तू चहाबरोबर घेतेस, हे मी कॉलवर पाहिलंय. चहातले टॅनिनसारखे पदार्थ लोहाला धरून ठेवतात, मग ते अंगी लागत नाही. दुधाचा चहा असो, ग्रीन टी असो की तुझा हा हर्बल, तिघांचीही तीच खोड. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे आणि चहा त्यानंतर निदान तासाभराने. जेवणानंतरही तेवढंच थांब. रात्री घ्यायला हा ग्रीन टीपेक्षा बरा. ग्रीन टी खऱ्या चहाच्याच झाडाचा, त्यात कॅफिन असतं, यात नसतं. वहिनीला मात्र सध्या देऊ नकोस, गरोदरपणात हा टाळायला सांगतात.

तो डबा संपला की नवा आणू नकोस. शेजारच्या काकू पुढच्या आठवड्यात पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर वाळवलेल्या फुलांची बरणी पाठवतेय. कपाला तीन-चार फुलं, वर उकळतं पाणी, पाच-सहा मिनिटं झाकण. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नकोस, आंबटाने ते झिजतं. गुळाचा छोटा खडा चालेल. उरलेली मऊ फुलं फेकू नकोस, मीठ-तिखट आणि लसूण घालून वाटलीस की भाकरीबरोबर चटणी होते. बरणीच्या तळाशी बिया टाकल्यात, जून लागला की बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत लाव.

तुझी आई