स्पीड ट्विन की कमांडो?

कॉव्हेंट्री

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र मिळालं. एकच जुनी ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, निवडायची तर ट्रायम्फ स्पीड ट्विन की नॉर्टन कमांडो, असं विचारतोस. मी स्पीड ट्विन घेईन, आणि त्याला कारण आहे.

ट्रायम्फच्या एडवर्ड टर्नरने ती इथेच, कॉव्हेंट्रीत, १९३७ साली आणली. ४९८ सीसी. दोन्ही पिस्टन बरोबरच वर जातात, बरोबरच खाली येतात. स्फोट मात्र आळीपाळीने, सारख्या अंतराने. म्हणून एकाच कार्ब्युरेटरवर छान भागतं. इंजिन इतकं आटोपशीर की लांबून पाहणाऱ्याला दोन सायलेन्सरची सिंगलच, म्हणजे एका सिलिंडरचीच, वाटावी. २७ अश्वशक्ती, ताशी नव्वद मैलांच्या आसपास वेग आणि किंमत ७५ पौंड! युद्धानंतर बीएसए, नॉर्टन, मॅचलेस या इतर ब्रिटिश कंपन्याही याच वाटेने गेल्या. (ट्रायम्फचा इथला कारखाना १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाला.)

या मांडणीत एक खोड मात्र जन्मजात आहे. पिस्टन बरोबर धावतात, म्हणजे तोल सिंगलसारखाच, थरथर आलीच. पाचशे सीसीला ती सोसते. पण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना आणखी ताकद हवी होती. इंजिनं साडेसहाशे, साडेसातशेवर गेली आणि हँडल धरून हाताला मुंग्या येऊ लागल्या.

कमांडो आली १९६७ च्या लंडनमधल्या अर्ल्स कोर्ट मोटरसायकल प्रदर्शनात. तिच्या ७४५ सीसी इंजिनाचं मूळ बर्ट हॉपवुडने केलेल्या नॉर्टनच्या आधीच्या ट्विनमध्ये, डॉमिनेटरमध्ये, आणि हा हॉपवुड आधी टर्नरच्याच हाताखाली काम केलेला! थरथर काढता येईना, तेव्हा नॉर्टनच्या लोकांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म एकत्र जोडून सगळा गठ्ठाच रबरावर बसवला. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, तिच्याजवळ उभा राहा: इंजिन चौकटीत पुढेमागे हलताना डोळ्यांना दिसतं, पुढचा मडगार्ड थडथडतो. तीन हजार आरपीएमच्या वर गेलास की सगळं एकदम गुळगुळीत. विलक्षण वाटतं रे! पण त्या रबरी माउंटिंगमधली फट साधारण इंचाच्या शंभराव्या भागाइतकी राखावी लागते. कमी झाली तर थरथर अंगावर येते, वाढली तर वळणावर मागचं चाक भरकटतं. वॉशर घालून ती फट जुळवत बसायचं, हे कमांडोवाल्याच्या पाचवीलाच पुजलेलं.

वेगात, दमात कमांडो कितीतरी पुढे, ५८ अश्वशक्ती म्हणजे चेष्टा नाही. तरी मला वाटतं, टर्नरची मांडणी पाचशेतच शोभते. तिच्यावर पुढे जे लादलं गेलं, त्याचं ओझं कमांडोने फार हुशारीने वाहिलं.

तुझ्या जुन्या बुलेटसारखे दोन्हींचे गिअर उजव्या पायाला. अपवाद १९७५ ची मार्क थ्री कमांडो. तिचे डावीकडे, आणि सेल्फ स्टार्टही आहे.

उन्हाळ्यात येशील तेव्हा सोलिहलच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियमसाठी एक अख्खा दिवस ठेव. वहिनींना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर तो दिवस खरेदीत जाईल. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास