ताणा रंगायला देण्याआधी

येवला, सोमवार रात्र

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

आम्ही काल रात्री सुखरूप पोचलो. गाडी नगरला पाऊण तास थांबली, तेव्हा तू दिलेला डबा खाल्ला. शिवाजीनगरला गाडी सुटेपर्यंत तू खिडकीखाली उभी राहिलीस, पण एक शब्द बोलली नाहीस. ते मनाला लागून राहिलंय. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. साडीचा विषय काढायचा नाही, असं आईला कबूल केलंय.

पण दुकानातलं आधी सांगून टाकतो. विहीणबाईंसमोर त्या पोराला पदर उलटा करून दाखव म्हणायला नको होतं. चूक माझी. यंत्रमागावरचा पदर तो हातमागाची पैठणी म्हणून खपवत होता, आणि पाठीमागे कापलेल्या धाग्यांची कुसळं हाताला टोचत होती. हातमागाच्या पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ असते, हे तुला मी सांगायला नको. तू हे अक्षरओळख व्हायच्या आधीपासून बघत आलीस. "अण्णा, राहू द्या ना," म्हणालीस तेव्हा तुझे कान लाल झाले होते. तरी मी बोलतच राहिलो. बस्ता तुझा होता आणि मी तिथे माझं भांडण काढलं. माफ कर.

चार तास गादीवर बसलो होतो. साड्या मी जन्मभर बघितल्या, मी तुझ्याकडे बघत होतो. पोरगा घडी उलगडायचा, तू साडीवर एक नजर टाकायचीस आणि लगेच मान वर. आधी विहीणबाईंकडे, मग आत्याकडे, मग आईकडे, शेवटी माझ्याकडे. आत्या लाल म्हणाली, तुला लाल आवडला. विहीणबाईंनी हिरव्यावर हात ठेवला, तर हिरवाही छान. आईला मोतिया बरा वाटला तेव्हा तू तो खांद्यावर घेऊन आरशापुढे उभी राहिलीस आणि आरशातूनसुद्धा आमचीच तोंडं न्याहाळत होतीस. जावईबापूंनी दोनदा विचारलं, "तुला काय हवंय?" मी ऐकलं. दोन्ही वेळा तू उलट त्यांनाच विचारलंस, "तुला कोणती आवडली?" मुलगा भला आहे, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

आत्या गाडीत सारखी म्हणत होती, पोरीला काही ठरवता येत नाही. मला ते पटत नाही. तुझं आत ठरलेलं असतं, तोंडातून बाहेर येत नाही. सोनू, अशी सगळ्यांची तोंडं बघत राहिलीस तर उद्या घर कुठे घ्यायचं, नोकरी ठेवायची की सोडायची, सगळं दुसरेच ठरवतील आणि तू छान आहे म्हणत राहशील. माणसाला नको म्हणता यायला पाहिजे. एकदा नाही म्हटलं की चार दिवस राग राहतो, पण पुढची पन्नास वर्षं...

बघ, सुरू झालो. आई पलीकडून म्हणतेय, पत्र लिहिताय की भाषण. राहू दे.

तुला आठवतं का माहीत नाही. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, तेव्हा तू चौथीत होतीस. नानांनी पेढे आणले आणि तू विचारलंस, "म्हणजे आता मोराला दाखला मिळाला?" त्याच दिवसांत मागावर बांगडी मोराचा, बांगडीसारख्या गोलात मोर असलेला, पदर चालू होता. मी खड्ड्यात पाय सोडून बसलेलो, तू कडेला बसून रंगीत धाग्यांच्या कांड्या हातात देत होतीस. मोराच्या मानेत मी निळा भरला होता. तू म्हणालीस, "अण्णा, इथे हिरवा पाहिजे. हा नको." नाना ओरडले, मोठ्यांच्या कामात बोलायचं नाही. मी गप्प बसलो. तू कांडी टोपलीत ठेवून घरात गेलीस.

पुढचं तुला माहीत नाही. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी दिवा लावला आणि ती मान उसवली. असा जड पदर दिवसभरात बोट-दोन बोटं पुढे सरकतो. जरीच्या अंगावर एकेक धागा मोजून रंग भरायचा. चार दिवसांचं काम गेलं आणि तिथे हिरवा भरला. तुझं बरोबर होतं, अगदी बरोबर होतं. नानांना काय वाटेल म्हणून मी तुला ते सांगितलं नाही, आणि मग राहूनच गेलं. परवा दुकानात तू माझ्या तोंडाकडे बघितलंस तेव्हा मला ती टोपलीत ठेवलेली कांडी आठवली. तेव्हापासून झोप नाही.

तुझ्या आईचा शालू नानांनी घेतला होता, विटकरी रंगाचा. तू पाच वर्षांची झालीस तेव्हा तिने त्याचा तुला परकर शिवला. कात्री लावताना म्हणाली, "मला हा रंग कधीच आवडला नव्हता." लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "विचारलं कुणी?" तो परकर घालून तू गल्लीभर नाचलीस, तेवढंच काय ते त्या शालूचं सोनं झालं.

म्हणून आता मी विचारतो. निघताना दाराजवळच्या पुतळ्यावर तो फिकट लेहंगा होता. सगळे पुढे गेले आणि तू त्याच्या ओढणीची कड दोन बोटांत धरून बघितलीस. पाच-सहा सेकंद असतील. चार तासांत एवढं एकच कापड तू कुणाकडे न बघता हातात घेतलंस. तुला तो हवाय का? हवा असेल तर सांग. मला वाईट वाटेल. वाटणार नाही असं लिहिलं तर तुला ते खोटं कळेलच. तुझ्यासाठी पैठणी विणायची हे मी तू बारा वर्षांची असल्यापासून मनात धरून आहे, पण तुला विचारलं कधीच नाही. गावभर सांगितलं, विहीणबाईंना सांगितलं, तुला फक्त कळवलं. अशा पैठणीला पोरगी कुठल्या तोंडाने नको म्हणणार? अष्टपुत्री मामा आणेल ती पिवळीच, शालू विहीणबाईंचा. उरलं ते तरी तुझं असू दे.

आता कामाचं. माग मोकळा केलाय. लग्न मार्गशीर्षात, हातात पाच महिने आहेत आणि पदर भरगच्च करायचा तर त्यातला एक दिवसही सुटा नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय, संध्याकाळनंतर बारीक काम होत नाही. रेशीम बुधवारच्या पुढच्या बुधवारी रंगायला द्यायचं आहे. उभ्या धाग्यांचा ताणा एकदा मागावर चढला की रंग बदलत नाही, तोवर मात्र कितीही वेळा बदल, मी कंटाळणार नाही. दोन रंगांत अडकली असशील तर एकधोटी करू. ताणा एका रंगाचा, धोट्यात दुसऱ्या रंगाचा आडवा बाणा, म्हणजे चालताना धूपछाव दिसेल. राणी आणि जांभळा एकत्र फार गोड दिसतात. पण ती माझी आवड झाली.

पाकिटात सहा रंगांचे धागे ठेवलेत, प्रत्येकाला गाठ मारून. आवडेल तो ठेवून घे. एकही आवडला नाही तर सगळे परत पाठव, सोबत काही लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

नाही, तसं नको. लिहीच. "अण्णा, नको" एवढे दोनच शब्द लिही. मला ते तुझ्या अक्षरात वाचायचेत.

तब्येतीला जप. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर साड्या बघत जागू नकोस.

तुझे अण्णा

ता. क. धागे दिवसा, खिडकीच्या उजेडात बघ. ट्यूबलाइटखाली मोतिया पांढरा दिसतो.