माल्टाहून पत्र: चार आठवडे

बुजिब्बा, माल्टा
19 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा भुगा झालाय, पण सोडे शाबूत आहेत.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही विचारत होतात, ते आफ्रिकेतून रबरी बोटीने येतात त्यांना इथले लोक उचलतात की तसेच सोडतात? तुम्हाला फोनवर अर्धंच ऐकू येतं, उरलेल्या अर्ध्यात आई बोलते. म्हणून लिहून काढतोय.

बहुतेकदा उचलतात. ओढाताण सुरू होते ती नंतर, यांना ठेवायचं कुणी म्हणून. युरोपात डब्लिनचा नियम म्हणून एक आहे. माणसाने पहिलं पाऊल ज्या देशात ठेवलं, आसऱ्याचा अर्ज साधारणपणे त्यानेच बघायचा. आता माल्टा बघा. बेट सगळं मिळून 316 चौरस किलोमीटर, मुंबईच्या जेमतेम निम्मं. पण समुद्रात शोध-बचावाची हद्द अडीच लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राहून थोडीशीच लहान. मग माल्टावाले म्हणतात जवळचं बंदर इटलीचं, तिकडे न्या. इटली म्हणते हद्द तुमची, तुम्हीच बघा.

2007 सालची एक गोष्ट इथला म्हातारा मासेवाला सांगतो. 27 माणसं बुडत्या बोटीतून निसटली आणि एका माल्टीज बोटीमागे ओढत नेत असलेल्या टूनाच्या जाळ्याला लटकली. कप्तानाने वर घेतलं नाही, मासळी जाईल म्हणून. माल्टा आणि लिबिया एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. तीन दिवसांनी इटलीच्या नौदलाने त्यांना काढलं. तुम्ही असतात तर त्या तांडेलाला धक्क्यावर उभं केलं नसतंत.

नंतर वाटणीची पद्धत निघाली. 2015 मध्ये इटली-ग्रीसमधली 1,60,000 माणसं दोन वर्षांत बाकीच्या देशांना वाटायचं ठरलं होतं, गेली जेमतेम 35 हजार. पुढे दर बोटीमागे वेगळा सौदा. 2019 च्या जानेवारीत दोन जहाजांवर मिळून 49 माणसं होती, त्यातली बरीचशी नाताळच्या आधीपासून थंडीत, लाटांवर. 9 तारखेला एकदाचं जमलं तेव्हा वाटेकरी निघाले आठ देश! म्हणजे देशी सहा माणसं. आपल्या हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव लागतो ना, तसाच. फक्त उलटा, सगळ्यात कमी कोण घेतो त्याची बोली.

हे मला एवढं माहीत असायचं कारण आमच्या किचनमधला सुदानी. नाव लिहीत नाही, त्याचे कागद अजून अडकलेत. 2019 च्या जुलैत इथल्या लष्कराच्या बोटीने त्याला आणलं. ओळखीचा नंबर मिळाला तो असा: आधी साल, मग बोटीचं अक्षर, मग आकडा. पुढच्याच महिन्यात त्याचा चुलतभाऊ ओशन वायकिंग नावाच्या बचाव-जहाजाला सापडला. ते जहाज 356 माणसं घेऊन दोन आठवडे कुठल्याच बंदरात शिरू शकत नव्हतं. शेवटी सहा देशांनी सगळी वाटून घेतली, माल्टात एकही ठेवला नाही. एकट्या फ्रान्सने 150 नेली, त्यात हा भाऊ. आज त्याच्याकडे पक्के कागद आहेत, बायको-मुलगी आहे. आमच्याचीही फ्रान्सच्या लोकांनी मुलाखत घेतली होती. गाव कुठलं, कुणाबरोबर पळालास, बंदूक धरलीस का, सगळं विचारलं. मग नाही म्हणाले. का, ते आजवर कळलं नाही.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, 23 तारखेला, इथल्याच बिरगू गावात जर्मनी, फ्रान्स, इटली आणि माल्टाचे मंत्री बसले. उचललेली माणसं चार आठवड्यांत दुसऱ्या देशांत पाठवू, असं कागदावर ठरलं. आमचा सुदानी तेव्हा दोन महिने बराकीत होता. बाहेर पडल्यावर मार्साच्या चौकात रोज सकाळी कामासाठी उभा राहायचा, आपल्याकडे नाक्यावर राहतात तसा. सहा वर्षं झाली. आता ओव्हन बिघडला आणि मेकॅनिक येतो म्हणाला की हा भांडी घासता घासता हळूच बोलतो, "चार आठवडे." सगळं किचन हसतं.

पुढच्या जूनपासून युरोपचा नवा कायदा लागू होतोय. माणसं घ्यायची नसतील तर देशाला त्याऐवजी माणशी 20,000 युरो भरता येतील, म्हणजे आपले साधारण 20 लाख. मी त्याला सांगितलं, बघ, तुझा भाव निघाला. नंतर मला वाटलं, बोलायला नको होतं. तो हसला खरा.

काल रात्री आईचे सोडे घालून भात केला, दोघांनी खाल्ला. तेव्हा त्याला फयान वादळाची गोष्ट सांगितली. 2009 साली तुम्ही गुजरातच्या बोटीतले दोन खलाशी उचलून आणलेत, आईने तुमचे कपडे त्यांना दिले, चार दिवस ते पडवीत झोपले. सगळं ऐकून त्याने विचारलं, "मग त्यांना शेवटी कुणी घेतलं?"

म्हटलं, एसटीने. दापोलीहून बसवून दिलं.

त्याला वाटलं, मी थट्टा करतोय.

बाबा, डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, पैसे पाठवलेत. शिमग्याला यायचं म्हणून रजेचा अर्ज टाकलाय. शेफ म्हणाले, लवकरच कळवतो. मागून भांड्यांच्या ढिगाऱ्यातून लगेच आवाज आला, किती आठवडे ते तुम्हाला कळलंच असेल.

तुमचा,
बाळू