बाळाच्या कार्डात शीच्या रंगांचा तक्ता छापा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. आज एकाच मागणीसाठी लिहिते आहे. तान्ह्या बाळाची लांबलेली कावीळ साधी की यकृताच्या जीवघेण्या आजाराची, याचा इशारा शीच्या रंगातून मिळतो. प्रत्येक आईला मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डात बाळाच्या शीच्या रंगांचा तक्ता छापावा, आणि आशाताईंनी गृहभेटीला गेल्यावर तो उघडून विचारावं, "यातला तुझ्या बाळाच्या शीचा रंग कुठला गं?"

पूर्ण दिवसांच्या १०० बाळांपैकी साधारण ६० बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते, दोन आठवड्यांत उतरते. फार चढली तर बाळाला निळ्या लाइटखाली ठेवतात. पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं तर थांबायचं नाही, हेही आता दवाखान्यांत पक्कं झालं आहे. मला काळजी आहे ती त्यापुढची. चौदा दिवस उलटले, डोळे अजून पिवळेच, पण बाळ नीट पितंय आणि अंगानेही भरतंय, म्हणून सगळे निर्धास्त.

अशा बहुतेक बाळांची कावीळ आईच्या दुधामुळे लांबलेली असते. ती आपोआप जाते, त्यासाठी अंगावरचं दूध तोडायचं कारण नाही. पण थोड्या बाळांच्या पित्तनलिका बंद झालेल्या असतात. डॉक्टर त्याला बिलिअरी अट्रेझिया म्हणतात. पित्त आतड्यात उतरत नाही, यकृतातच साचतं आणि यकृत कडक होत जातं. आतड्यात पित्तच नाही म्हणून शीला रंग चढत नाही. ती फिकट, मातकट, पुढेपुढे शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होते. लघवी मात्र गडद होते. तान्ह्या बाळाची शू एरवी पाण्यासारखी असते, दुपट्यावर डाग पडत नाही.

आमच्या भागातल्या एका घरी मी सहज डोकावले होते. दोरीवर दुपटी वाळत होती आणि धुतलेल्या प्रत्येक दुपट्यावर पिवळा डाग तसाच होता. बाळाची आजी म्हणाली, "रोज कोवळं ऊन दाखवतो, उतरेल आता." एका खासगी दवाखान्यात त्यांना तेच सांगितलं होतं: सगळ्याच बाळांना होते, ऊन दाखवा. मी लंगोट उघडायला सांगितला. शी पांढरट होती. मुलीला तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. तालुका, जिल्हा आणि मग मुंबई असं करत ऑपरेशन होईपर्यंत आणखी दिवस गेले. यकृत तोवर कडक झालेलं होतं. दुसऱ्या वाढदिवसाआधी ती मुलगी गेली. तिच्या आईने रोज, दिवसातून कितीतरी वेळा, तो रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्या रंगाचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता.

या आजारावर ऑपरेशन आहे. जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी ते १९५०च्या दशकात शोधलं. खराब झालेल्या नलिका काढून आतड्याचा भाग थेट यकृताला जोडतात. बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झालं तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती घटत जाते. काही मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागतंच, पण वेळेवर झालेल्या ऑपरेशनने वर्षं हाती लागतात. काहीच केलं नाही तर बहुतेक मुलं दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाहीत. आपल्याकडे अनेक बाळं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचतात तीच तीन महिन्यांची होऊन.

उशीर का होतो, ते घरात बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. बाळंतिणीची खोली अंधारी. बाळ सारखं झोपलेलं, डोळे मिटलेले. सावळ्या कातडीवर पिवळेपणा चटकन दिसत नाही, डोळ्यांच्या पांढऱ्या भागातच तो आधी कळतो. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरच्या आशाताईंनी सुरुवातीच्या भेटी केल्या, सव्वा महिन्यानंतर मायलेकरं सासरी गेली, आणि तिथल्या आशाताईंच्या यादीत बाळाचं नावच नाही. हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. शिवाय गावोगावी कावीळ उतरवणारे आहेतच. कुणी माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळं पाणी दाखवतं. मोठ्या माणसाची साधी कावीळ तशीही उतरते, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो. तान्ह्या बाळाचे मात्र त्यात हातचे आठवडे जातात, आणि त्याच्याकडे आहेत मोजून आठ.

तैवानने २००२ मध्ये बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड घालून पाहिलं आणि २००४ पासून ते देशभर लागू केलं. त्यानंतर तिथे ६० दिवसांच्या आत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. जपाननेही २०१२ पासून आपल्या माता-बाल पुस्तिकेत असा तक्ता दिला. आपल्याकडे तर आशाताई घरापर्यंत जातात. जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी त्यांच्या भेटी ठरलेल्या आहेत. १४व्या दिवसापासूनच्या चारही भेटी नेमक्या या आजाराच्या वेळेत येतात. बाळाला शी किती वेळा होते हे विचारलं जातं. रंगही विचारायला हवा.

तक्ता छापताना एक गोष्ट सांभाळा, महोदय. रंग खरे हवेत. झेरॉक्सवर किंवा स्वस्त छपाईत फिकट पिवळा आणि मातकट एकसारखेच दिसतात, आणि मग तो कागद असून नसून सारखा. छपाईचा नमुना बालशल्यचिकित्सकांच्या नजरेखालून जाऊ द्या. खाली एकच ओळ मोठ्या अक्षरात हवी: शी फिकट किंवा पांढरी असेल तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जा.

आणि दवाखान्यात गेल्यावर पुढे काय, तेही ठरवा. १४ दिवसांनंतरही पिवळ्या दिसणाऱ्या बाळाची बिलिरुबिन, म्हणजे रक्तातल्या कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याची, तपासणी ग्रामीण रुग्णालयात व्हावी, आणि रिपोर्टमध्ये एकूण आकड्याबरोबर डायरेक्टचा, म्हणजे यकृतातून पित्तात जाणाऱ्या बिलिरुबिनचा, आकडाही असावा. नुसता एकूण आकडा कमी होताना दिसला की "उतरतेय" म्हणून बाळाला घरी पाठवतात. पित्त अडलंय का, ते डायरेक्टवरूनच कळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतःच्या ज्या नऊ दोषांची तपासणी होते, त्यांत दुभंगलेले ओठ आहेत, वाकडे पाय आहेत, हृदयाचे आजार आहेत. हा आजार त्या यादीत नाही. राज्याने तो आपल्या पातळीवर जोडावा, म्हणजे जिल्ह्याहून मुंबई-पुण्याला पाठवायची वाट आणि गाडी आधीच ठरलेली राहील.

हा आजार साधारण १० ते २० हजार बाळांत एकाला होतो. राज्यात वर्षाला १५ लाखांहून जास्त बाळं जन्मतात. म्हणजे दरवर्षी शंभरच्या आसपास घरं झाली. कार्डाची पुढची छपाई निघेल तेव्हा त्यात हे एक पान वाढवावं, आणि तोवर आशाताईंच्या मासिक बैठकीत हा विषय घ्यायचं परिपत्रक काढावं, ही विनंती. प्रशिक्षणाला माणसं कमी पडली तर आमच्यासारख्या निवृत्त आरोग्यसेविका जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बोलवा, आम्ही येऊ.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका